परदेशी विद्यार्थी हवेत ना? मग आधी त्यांना खोली द्या

पर्वतीपायथा
'स्टडी इन इंडिया' मोहीम २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा २०२३ पर्यंत दोन लाख परदेशी विद्यार्थ्यांचं उद्दिष्ट होतं. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ चा आकडा आहे ४६,८७८. त्यातले सुमारे २८ टक्के एकट्या नेपाळचे.

माझं म्हणणं असं की परदेशातले मेळावे आणि जाहिराती यांवरचा पैसा वसतिगृहांवर आणि परदेशी विद्यार्थी कक्षावर खर्च करा. पुण्यात येणारा येमेनी, सुदानी किंवा टांझानियाचा मुलगा बहुतेक वेळा आधी इथे शिकून गेलेल्या भावाच्या, मित्राच्या शब्दावर येतो. तो भाऊ काय सांगणार, हे त्याचा इथला पहिला महिना कसा गेला त्यावर ठरतं.

व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीला पत्ता लागतो, पत्त्यासाठी भाडेकरार, आणि घरमालकाने सी-फॉर्म, म्हणजे परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला कळवणारा अर्ज, भरायचा. तो शब्द ऐकूनच बरेच मालक घर नाकारतात. मग मुलगा एजंटच्या हाती सापडतो. पुढे निकाल लांबला की पुढच्या वर्षाचा प्रवेश अडतो, प्रवेश नाही म्हणून व्हिसा वाढवायला लागणारं बोनाफाईड मिळत नाही, आणि तोवर व्हिसाची मुदत संपत आलेली असते. वेळेवर निकाल, एका खिडकीवर बोनाफाईड आणि उतरल्या दिवशी खोली, एवढं तरी विद्यापीठाच्या हातात आहे.

पुण्याने हे करून दाखवलेलं आहे. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. शां. ब. मुजुमदारांनी काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्याची आबाळ पाहिली आणि त्या अस्वस्थतेतून १९७१ मध्ये सिम्बायोसिस उभी राहिली.

मांजराकाठ
तुमची कळकळ पोचली, पण माझा विरोध आहे. मी लातूर जिल्ह्यातून पुण्यात शिकायला आले. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. पेठेत कॉट बेसिसवर राहिले, मेसचा एक डबा आम्ही दोघी खायचो. अशा मुली आजही हजारोंनी आहेत. सरकारी विद्यापीठांच्या इमारती या राज्यातल्या लोकांच्या करातून उभ्या राहतात. नवं वसतिगृह होणार असेल तर पहिली खोली नंदुरबारच्या, धाराशिवच्या मुलीची. शिवाय प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. शिकवायला माणूस नसताना बाहेरून मुलं बोलावणं ही त्या मुलांचीही फसवणूक आहे.

पर्वतीपायथा
@मांजराकाठ, रिकाम्या जागांबद्दल पूर्ण सहमत. पण तुमची जागा कुणी घेत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या २५ टक्क्यांपर्यंतच्या जागा मंजूर क्षमतेच्या वर असतात. आणि ही मुलं आपल्यापेक्षा कितीतरी पट शुल्क भरतात. त्या पैशातून सगळ्यांसाठीच वसतिगृहं वाढवता येतील.

मांजराकाठ
कागदावर जागा वाढते. खाट वाढत नाही, प्रयोगशाळेतलं टेबल वाढत नाही, मार्गदर्शकही वाढत नाही. त्या शुल्काचा पैसा वसतिगृहात गेलेला मला अजून दिसलेला नाही.

विमाननगर
घरमालक म्हणून लिहितो. सी-फॉर्म ऑनलाइन भरता येतो. विद्यार्थ्याचा पासपोर्ट, व्हिसा समोर असला की फार वेळ लागत नाही. अडचण वेगळी आहे. मी नायजेरियाच्या दोन भावांना फ्लॅट दिला तेव्हा सोसायटीच्या सभेत माझ्यावरच आरोपीसारखे प्रश्न आले. मुलं रात्री अभ्यास करत, रविवारी चर्चला जात, एवढीच त्यांची वर्दळ. त्याच मजल्यावर एक गोरा युरोपियन भाडेकरू होता, त्याच्याबद्दल अवाक्षर नाही. माणसाचा रंग बघून दार बंद करणाऱ्या शहराने 'शिक्षणाचं माहेरघर' म्हणवून घेऊ नये.
त्या काळात कॉलेजमधून मला एक फोन आला असता, "ही आमची मुलं आहेत, काही झालं तर आम्हाला कळवा", तर मी ती सभा जिंकलो असतो. मालकांना विश्वासात घेणारा एक माणूस प्रत्येक कॉलेजने नेमावा. त्याला फार पैसा लागत नाही.

आखेनहून
@विमाननगर काका, तुमचं पटलं. धाग्याचा मूळ मुद्दा मात्र पटत नाही. जर्मनीतही खोली सहज मिळत नाही. विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांब असते, म्युनिकमध्ये तर हाल होतात. शिवाय येण्याआधी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवावे लागतात. तरी आपली मराठी मुलं कर्ज काढून इथे येतात. कारण बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. भारतात विद्यार्थी व्हिसावर पोटापुरती अर्धवेळ नोकरीसुद्धा करता येत नाही. घरचा पैसा थांबला की शिक्षण थांबलं. हे नियम दिल्लीत ठरतात, विद्यापीठात नाही.

पर्वतीपायथा
@आखेनहून, घरचा पैसा थांबणं म्हणजे काय ते २०२१ मध्ये दिसलं. काबूल पडलं आणि पुण्यातली अफगाण मुलं परतीची वाट आणि पैसा दोन्ही गमावून बसली. तेव्हा कामाची परवानगी असती तर फरक पडला असता, हे मान्य. पण शुल्काला मुदतवाढ, सुट्टीत वसतिगृह उघडं ठेवणं, आपत्कालीन निधी यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही.

मांजराकाठ
असा निधी असावा, आणि तो दुष्काळात बापाचं पीक गेलेल्या मुलीलाही मिळावा. तुम्ही परदेशी मुलांसाठी वेगळी चकचकीत इमारत मागत असाल तर मी विरोधातच. एका खोलीत सुदानची एक आणि नंदुरबारची एक, असं वसतिगृह मागत असाल तर निवेदनावर पहिली सही माझी.

पर्वतीपायथा
एकत्र खोल्या हव्यातच. फक्त नव्याने आलेल्याला उतरल्या दिवसापासून खोली मिळावी, यावर मी ठाम आहे. १४ दिवसांचं घड्याळ त्याच्याच मागे लागलेलं असतं.

मांजराकाठ
अडचण खरी आहे. पण आमच्या प्रवेशफेऱ्या लांबतात तेव्हा आम्हीही कुणाच्या तरी ओसरीवर दिवस काढतो. त्या जादा शुल्कातला किती वाटा वसतिगृहाला जाणार, हे व्यवस्थापन परिषदेने लेखी ठरवल्याशिवाय उतरल्या दिवशीच्या खोलीला माझा पाठिंबा नाही.