"किती हुशार आहेस रे!" हे कौतुक मुलांना नडतं का?

अंजनवेल
गणित सुटलं की "हुशार आहेस", चित्र जमलं की "जन्मजात कलाकार". ही विशेषणं मुलांना चिकटवणं बंद करावं, असं माझं ठाम मत आहे. 1998 मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना आकृत्यांची कोडी दिली. पहिल्या फेरीनंतर काहींना हुशारीची शाबासकी दिली, तर काहींना मेहनतीची. फरक फक्त एका वाक्याचा होता. मग मुद्दाम अवघड फेरी घेतली आणि त्यात सगळेच आपटले. तिसरी फेरी पहिल्याइतकीच सोपी होती. तरी 'हुशार' गटाचे गुण पहिल्या फेरीपेक्षा घसरले आणि 'मेहनत' गटाचे वाढले. पुढे, आपले गुण दुसऱ्या मुलाला लिहून कळवायचे होते, तेव्हा 'हुशार' गटातल्या दहांपैकी जवळपास चौघांनी ते फुगवले.

कारण उघड आहे. सुटलं म्हणून हुशार, तर न सुटलं म्हणजे ढ. मग अवघड गणिताला हातच न लावणं सगळ्यात सुरक्षित. त्यापेक्षा मुलाने काय केलं ते नेमकं सांगा: "हातचा राहिला होता, तो तुझा तुलाच सापडला. कसा पकडलास?" शेवटचा प्रश्न गाळू नका. उत्तर देताना मूल स्वतःची युक्ती शब्दांत मांडतं आणि पुढच्या वेळी ती त्याला आठवते.

सावधपान
प्रयोग खरा आहे, पण त्यावर उभारलेला डोलारा फार मोठा झालाय. 2018 मध्ये ग्रोथ माइंडसेटच्या, म्हणजे 'बुद्धी प्रयत्नाने वाढते' हे मुलांना पटवणाऱ्या अनेक उपक्रमांचे निकाल एकत्र तपासले गेले. गुणांवरचा सरासरी परिणाम निघाला 0.08 प्रमाण विचलन, म्हणजे नगण्य. 2019 मध्ये अमेरिकेत नववीच्या सुमारे 12,000 मुलांवर अभ्यास झाला. त्यात मागे पडलेल्या मुलांचे गुण 4 पैकी साधारण 0.1 ने वाढले. तेही ऑनलाइन पाठांमुळे, पालकांच्या कौतुकामुळे नव्हे.

शिवाय "मेहनत केलीस" हे वाक्यही निरुपद्रवी नाही. सोप्या कामावर ते ऐकलं की दहा-बारा वर्षांचं मूल अर्थ लावतं, 'मला एवढंही जमणार नाही असं यांना वाटत होतं.' लहान मुलं असा अर्थ काढत नाहीत, म्हणून पहिलीतलं कौतुक सातवीत उचलून वापरता येत नाही.

त्रिज्या
अंजनवेल, तुमच्या उदाहरणात युक्तीचं कौतुक आहे, मेहनतीचं नाही. घरोघरी गल्लत होते ती इथेच. मूल तासभर धडा पुन्हापुन्हा वाचतं, परीक्षेत काही आठवत नाही आणि आपण म्हणतो, "प्रयत्न तर केलास ना!" ही शाबासकी चुकीची पद्धत पक्की करते. तिथे विचारावं, "पुस्तक मिटून किती लिहिता आलं?" पाच मुद्द्यांपैकी दोन आले, तर राहिलेले तीनच पुन्हा वाचायचे आणि उद्या परत मिटून लिहायचं. उद्या चार आले की तेव्हा बोला: "नुसतं वाचणं सोडून आठवून लिहिलंस, म्हणून दोन वाढले." नुसत्या घामाची तारीफ नको, पद्धत बदलल्याची करा. ड्वेक यांनी स्वतःही पुढे हा इशारा दिला आहे.

अंजनवेल
त्रिज्या, मान्य. मी 'मेहनत' शब्द ढोबळपणे वापरला. सावधपान, सोप्या कामाबद्दलचा मुद्दाही बरोबर. तिथे शाबासकी देऊच नये. "हे तुला सोपं गेलं, तुझ्या तोडीचं काढू या" एवढं पुरे. पण विशेषणांबाबत मी मागे हटणार नाही. 2013 चा एक अभ्यास आहे. एक ते तीन वर्षांच्या मुलांशी घरी होणारं बोलणं नोंदवलं होतं. ज्यांच्या वाट्याला कृतीचं कौतुक जास्त आलं, ती मुलं सात-आठ वर्षांची झाल्यावर अवघड कामाकडे जास्त ओढा दाखवत होती.

सावधपान
त्यात 53 कुटुंबं होती आणि नुसता सहसंबंध होता. तसं बोलणारे पालक आणखीही दहा गोष्टी वेगळ्या करत असतील. "हुशार" शब्द तोंडून गेला म्हणून पालकांनी अपराधी वाटून घ्यावं, याला माझा विरोध आहे. कौतुकाचा अतिरेक मात्र मलाही घातक वाटतो. "अफाट सुंदर चित्र!" ऐकल्यावर, आत्मविश्वास कमी असलेली मुलंच पुढचं अवघड चित्र टाळतात, असं 2014 च्या प्रयोगात दिसलं. आणि अशा मुलांवरच मोठी माणसं जास्त उधळण करतात.

कडेकडेने
नापास झालेल्या पेपरचं काय? तिथे कौतुक करायचं तरी कशाचं?

त्रिज्या
त्या दिवशी कशाचंच नाही. खोटी शाबासकी मुलाला लगेच कळते. दुसऱ्या दिवशी पेपर समोर ठेवा आणि चुका तीन ढिगांत वाटा: येतच नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, प्रश्नच कळला नाही. वाटणी मुलालाच करू द्या. घाईचा ढीग बहुधा पटकन कमी होतो, म्हणून सुरुवात तिथून. एखादी चूक त्याने अचूक ढिगात टाकली आणि कारण सांगितलं, की तिथे म्हणा, "हे बरोबर ओळखलंस."