कायद्याने मोकळी असलेली खरेदी बँकेने अडवावी का?

सातारकर (धागाकर्ता)

६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना आणि आपल्या नियंत्रणाखालील इतर संस्थांना आभासी चलनाशी (बिटकॉइनसारख्या क्रिप्टोशी) संबंधित सेवा देण्यास मनाई केली. जे आधीपासून अशी सेवा देत होते त्यांना बाहेर पडायला तीन महिन्यांची मुदत मिळाली. क्रिप्टो विकत घेणे हा त्या दिवशी गुन्हा नव्हता आणि पुढेही झाला नाही. तरीही पैशाची वाट बंद झाल्यामुळे व्यवसाय आवळत गेला आणि मुंबईच्या कोईनेक्स या एक्स्चेंजने (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या ऑनलाइन बाजाराने) जून २०१९ मध्ये काम थांबवले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते परिपत्रक रद्द ठरवले. रिझर्व्ह बँकेला असा अधिकारच नाही, असे न्यायालय म्हणाले नाही, हे मुद्दाम नोंदवतो. परंतु ज्या बँकांच्या रक्षणासाठी एवढा कठोर उपाय योजला, त्यांचे काही नुकसान झाल्याचे दाखवता न आल्याने तो प्रमाणाबाहेरचा ठरला.

तेव्हा निदान लेखी आदेश होता, म्हणून न्यायालयात जाता आले. माझा आक्षेप त्यानंतरच्या काळाबद्दल आहे. रद्द झालेल्या त्याच परिपत्रकाचा हवाला देऊन काही बँका ग्राहकांना इशारे पाठवत राहिल्या आणि अखेर ३१ मे २०२१ रोजी, तसा हवाला देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेलाच सांगावे लागले. ७ एप्रिल २०२२ रोजी कॉइनबेस या अमेरिकी क्रिप्टो एक्स्चेंजने यूपीआयवरून खरेदीची सोय जाहीर केली. यूपीआय वापरणारे कोणतेही क्रिप्टो एक्स्चेंज आपल्याला माहीत नाही, असे निवेदन यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने त्याच दिवशी काढले आणि काही दिवसांत ती सोय बंद पडली. रिझर्व्ह बँकेच्या अनौपचारिक दबावामुळे हे घडले, असे कॉइनबेसच्या प्रमुखांनी पुढच्या महिन्यात जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी सरकारने या व्यवहारांतील नफ्यावर ३० टक्के कर आणि १ टक्का टीडीएस लावला होता.

माझ्या बँकेने एका एक्स्चेंजला पाठवलेले माझे पैसे अडवले, तेव्हा मोबाइलवर ‘धोरणानुसार व्यवहार नाकारला’ एवढीच ओळ आली. शाखेत विचारले तर ‘वरूनच आहे’, लेखी मागितले तर ‘तसे देता येत नाही’. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे जावे, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार ग्राह्यच धरली जात नाही. कायद्याने मोकळा व्यवहार अडवायचा असेल तर कारण लेखी द्यावे आणि त्यावर दाद मागता यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

माजी शाखाधिकारी

सहमत नाही. काउंटरवर आयुष्य गेलेल्या माणसाला हा प्रश्न निराळा दिसतो. आमच्या शाखेत एक निवृत्त गृहस्थ मुदतठेव मोडून सगळी रक्कम अनोळखी खात्यात आरटीजीएसने पाठवायला आले होते. शर्टाच्या खिशातला मोबाइल उलटा ठेवलेला होता आणि त्यावर कॉल चालूच होता. पलीकडचा माणूस आमचे प्रत्येक वाक्य ऐकत होता आणि हे गृहस्थ ‘घरासाठी हवेत’ असे पढवलेले उत्तर देत होते. कायद्याने तो व्यवहार पूर्ण मोकळा होता. आमच्या अधिकारी बाईंनी फॉर्ममध्ये चूक असल्याचे सांगून त्यांना बसवून ठेवले आणि मुलीला बोलावून घेतले. लेखी कारण देत बसलो असतो तर पैसे गेले असते.

दुसरे असे, की संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वर पाठवला असेल तर त्याची कुणकुणही ग्राहकाला लागू द्यायची नाही, असे काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखालचे नियमच सांगतात. तुम्ही मागता ते कारण देणे अनेकदा बँकेच्या हातातच नसते. क्रिप्टोच्या बाबतीत तर फसवणुकीचा पैसा फिरत फिरत प्रामाणिक विक्रेत्याच्या खात्यात येतो, मग परराज्यातल्या सायबर पोलिसांचे पत्र येते आणि खाते गोठते. त्या दिवशी ग्राहक आम्हालाच विचारतो, ‘तुम्ही आधी का नाही थांबवले?’

विदुला

मी माजी शाखाधिकाऱ्यांच्या बाजूची आहे. आमच्या शेजारच्या मुलाने ऑनलाइन रमीत पगार घालवला, नंतर क्रेडिट कार्डावर कर्ज केले. दर वेळी दोन-दोन हजारांची रक्कम मध्यरात्रीनंतर जात होती आणि ते सगळे बँकेच्या नोंदीत ओळीने दिसत होते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा केला आणि अशा खेळांचे पैसे पुढे पाठवण्यास बँकांना मनाई केली. कायदा येईपर्यंत जी घरे बुडाली त्यांचे काय? ब्रिटनने एप्रिल २०२० मध्येच क्रेडिट कार्डावर जुगार बंद केला. बँकेला दिसत असेल तर तिने थांबवायलाच हवे.

सातारकर

विदुलाताई, तुम्ही दिलेल्या दोन्ही उदाहरणांत बंदी बँकेने आपल्या मनाने घातलेली नाही. एकीकडे संसदेने कायदा केला, दुसरीकडे नियामकाने उघड नियम केला. आपल्या कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले, म्हणजे त्यावर वाद घालायला जागा आहे. बँकेने गुपचूप अडवले तर ती जागाच उरत नाही.

शिवाय ग्राहकाच्या हाती कळ देण्याचा मार्ग आपल्याकडे आहेच. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकामुळे कार्डाचा ऑनलाइन किंवा परदेशी वापर आपला आपण चालू-बंद करता येतो आणि मर्यादाही ठरवता येते. त्याच पडद्यावर जुगार, क्रिप्टो असे गट स्वतःहून बंद करायची, आणि बंद केलेले काही काळ उघडता येणार नाही अशी, सोय सहज देता येईल. ब्रिटनमधल्या काही बँका जुगारासाठी ती देतातच. शेजारच्या मुलाच्या घरच्यांनी पहिल्याच महिन्यात त्याच्याकडून तो गट बंद करून घेतला असता.

निनाद

क्रिप्टोपुरते पाहिले तर हा प्रश्न छोटा वाटतो. डिसेंबर २०१० मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपॅल यांनी गोपनीय सरकारी कागदपत्रे प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्सच्या देणग्या थांबवल्या, तेव्हा त्या संस्थेला कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलेले नव्हते. आइसलँडमध्ये व्हिसाचे काम पाहणाऱ्या व्हॅलिटॉरविरुद्ध खटला झाला आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सेवा पुन्हा सुरू करायला लावली. जुलै २०२५ मध्ये संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीमने प्रौढांसाठीचे अनेक खेळ पेमेंट कंपन्यांच्या नियमांचे कारण देऊन काढून टाकले. ते खेळ मला स्वतःला किळसवाणे वाटतात, पण काय विकले जावे हे पैसे पोचवणाऱ्याने ठरवणे मला मान्य नाही. आपल्याकडे तर धोका अधिक आहे. एका बँकेने नाकारले तर दुसरीत खाते काढता येते. यूपीआय मात्र एकच आहे. तिथे दार बंद झाले की ते सगळ्या बँकांत एकाच वेळी बंद होते.

माजी शाखाधिकारी

निनाद यांचा यूपीआयबद्दलचा मुद्दा मला पटतो. सरसकट एखाद्या गटाचे व्यवहार नाकारायचे असतील तर ते धोरण संकेतस्थळावर जाहीर करावे, यालाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती लोकपालाकडे दाद मागू देण्याला. बँकेच्या व्यावसायिक निर्णयावर तक्रार घेऊ लागले तर नाकारलेल्या प्रत्येक कर्जाची फाइल तिथे जाईल आणि कोणी शाखाधिकारी ‘नाही’ म्हणायला धजावणार नाही.

सातारकर

कर्ज देताना बँक ठेवीदारांचा पैसा जोखमीत घालते, म्हणून ‘नाही’ म्हणण्याचा हक्क तिचाच असला पाहिजे. बचत खात्यातली रक्कम मी माझ्या इच्छेने पाठवतो तेव्हा जोखीम माझी असते. तिथे ‘व्यावसायिक निर्णय’ हे कारण लागू पडत नाही. क्रेडिट कार्ड मी यातून वगळायला तयार आहे, कारण तेथे उधारी बँकेची आहे.

तुमच्या अधिकारी बाईंनी केले ते मोलाचे होते, पण तो थोडा वेळ काढून केलेला खोळंबा होता आणि मुलगी आल्यावर निर्णय त्या गृहस्थांचाच राहिला. संशयित व्यवहार एका दिवसासाठी थांबवायला माझा विरोध नाही. अहवालाची गुप्तताही राहू द्या. त्या प्रकरणात ग्राहकाला नाही, पण लोकपालाला बंद लिफाफ्यात कारण कळवता येईल. लोकपाल योजनेतले ते कलम कर्जापुरते तसेच राहावे आणि खातेदाराच्या स्वतःच्या शिलकीतून होणाऱ्या पेमेंटला त्यातून वगळावे, अशी सूचना मी रिझर्व्ह बँकेकडे लेखी पाठवत आहे. मसुद्यात बँकेच्या बाजूने काय राहून गेले ते तुम्ही दाखवलेत तर ते मी त्यात घालीन.