सिंहपुच्छ माकड की अंजनेरीचं कंदीलपुष्प: आधी कोण?

गोदाकाठ: सिंहपुच्छ माकड संकटात आहे हे मान्य. प्रौढ माकडं अडीच हजारांहून कमी उरलीत आणि ती फक्त केरळ, तमिळनाडू, कर्नाटकात. पण त्याला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे सर्वांत कडक, संरक्षण आहे. १९७२ चा तो वन्यजीव कायदा आला तेव्हा त्यात वनस्पती नव्हत्याच. १९९१ च्या दुरुस्तीत जेमतेम सहा नोंदी झाल्या. आपल्या नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरचं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, तर शास्त्राला २००६ मध्ये कळलं. नाशिककरांचा वेळ आणि पैसा आधी त्यालाच मिळावा.

सह्यवाट: नाही पटलं. केरळातल्या सायलेंट व्हॅली जंगलातला जलविद्युत प्रकल्प १९८३ मध्ये बारगळला, पुढच्या वर्षी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्या लढ्याचा चेहरा हेच माकड होतं. त्याच्या टोळीला सलग, उंच झाडांचं जंगल लागतं. तेवढं राखलं की आतली फुलझाडंही आपोआप राखली जातात. फुलासाठी कोण रस्त्यावर उतरणार?

गोदाकाठ: उतरले ना! अंजनेरीवर रस्ता काढायचं ठरत होतं तेव्हा नाशिकमधूनच विरोध झाला.

सह्यवाट: त्यात गिधाडांचाही मुद्दा होता, हे विसरू नका. शिवाय झाडाचं बी साठवता येतं, कंद रोपवाटिकेत लावता येतो. माकडांची टोळी पिंजऱ्यात वाढवून पुन्हा जंगलात रुळवणं महाकठीण. पैसा मोजका असेल तर ज्याला दुसरी वाट नाही त्याला आधी द्या.

पायथ्यावरून: 'आपोआप' हा शब्द मला खटकतो. अंजनेरीच्या माथ्यावर कातळ आणि गवत. उंच जंगलातल्या माकडाच्या नावाने ते कसं राखलं जाणार? रोपवाटिकेचं म्हणाल तर कंदीलपुष्पाची नळी आत केसाळ असते. बारीक माशी शिरते, अडकते, केस सुकले की पराग घेऊन सुटते. कुंडीतला कंद जगेल, पण त्या माश्या कुंडीत कशा आणणार?

आणि सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. हे झाड पावसाळ्यात उगवतं, फुलतं आणि वाळून जातं. उरतो जमिनीतला कंद. मे महिन्यात रस्त्यासाठी पाहणी केली तर कागदावर 'उघडा माळ' एवढंच येणार, आणि मशीन त्या कंदांवरूनच फिरणार. माकड निदान बाराही महिने दिसतं.

सह्यवाट: पाहणीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. प्राधान्याबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

पायथ्यावरून: मत राहू द्या. रस्ता असो वा रोपवे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माथा पाहिल्याशिवाय अहवाल मान्य करू नका, अशा निवेदनावर सही कराल का?

सह्यवाट: करतो. मसुदा टाका.