मदत हवी आहे: 'मेनो' शिकवायला भूमितीचं दुसरं कोडं

अमेरिकेत पीएचडी करतोय आणि ग्रीक तत्त्वज्ञानाच्या पहिल्या कोर्सला टीए (शिकवायला मदत करणारा सहायक) आहे. पुढच्या आठवड्यात प्लेटोच्या 'मेनो' या संवादातला ८२ ते ८५ या पानांचा भाग घ्यायचाय. सॉक्रेटिस गुलाम मुलाला २ फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस विचारतो. मुलगा आधी बाजू ४ सांगतो, मग ३, मग अडकतो. शेवटी मूळ चौरसाचा कर्ण हीच नवी बाजू, इथवर येतो. मला वर्गात ते अडकणं हवंय. पण निम्मी पोरं इंजिनिअरिंगची, 'रूट आठ' म्हणून मोकळी होतात! मागच्या सेमिस्टरला भूमिका वाटून वाचन केलं, तर नुसतं नाटक झालं. घन दुप्पट करायला द्यावा, तर तो पट्टी-कंपासने होतच नाही, आणि मग सॉक्रेटिसचा 'शिकणं म्हणजे आठवणं' हा मुद्दाच बुडतो.

तास ५० मिनिटांचा, कोड्याला फार तर पंधरा. अभ्यासक्रम माझ्या हातात नाही, त्यामुळे दुसरा संवाद कृपया सुचवू नका. गणित शिकवणाऱ्यांनो, पहिलं उत्तर हमखास चुकेल, पण सूत्राशिवाय, नुसत्या आकृतीवरून बरोबर उत्तर सापडेल असं एखादं कोडं आहे का?