मदत हवी आहे: केमोच्या मळमळीसाठी न्यू जर्सीत परवान्याच्या दुकानातला, लॅबमध्ये तपासलेला कॅनाबिस

नमस्कार मंडळी,

विषय नाजूक आहे, पण इथे न्यू जर्सीतले बरेच जण आहेत आणि औषधांच्या क्षेत्रातलेही आहेत, म्हणून विचारतो.

आई (वय ६८) आमच्याकडेच असते, ग्रीन कार्डावर. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आता केमो चालू आहे. इथे ज्याला एसी म्हणतात ती, म्हणजे ॲड्रियामायसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड. केमोचा दिवस बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मळमळ सुरू होते ती आठवडाभर पाठ सोडत नाही. ऑन्डॅन्सेट्रॉन देऊन झालं, रात्रीची ओलान्झपिन चालू आहे. उलट्या थांबल्या, पण अन्नावरची वासना पार उडाली. फोडणीचा वास आला तरी तोंड फिरवते. मऊ भात, मेतकूट आणि तूप, तेही चार घास. वजन उतरतंय आणि डॉक्टरांना त्याचीच जास्त काळजी आहे. शिवाय हाताच्या शिरेत गुठळी झाली होती म्हणून रक्त पातळ करायची ॲपिक्सबॅन चालू आहे.

मागच्या वेळी नर्सने मेडिकल कॅनाबिसचा, म्हणजे औषध म्हणून घ्यायच्या गांजाचा, विषय काढला. ऑन्कॉलॉजिस्ट म्हणाल्या, विचार करायला हरकत नाही, पण दुकानातून काय घ्यायचं ते मी लिहून देत नाही. आई माळकरी आहे. आधी ऐकूनच घेईना. मग डॉक्टरांशी सविस्तर बोलणं झाल्यावर म्हणाली, "औषध म्हणून असेल तर घेईन. पण चोरून-लपवून काही नको, आणि मांसाहारी काही नको."

मी जमवलेली माहिती अशी. न्यू जर्सीत २१ वर्षांवरच्या कुणालाही २१ एप्रिल २०२२ पासून परवानाधारक डिस्पेन्सरीतून, म्हणजे कॅनाबिसच्या दुकानातून, तो घेता येतो. रुग्णांसाठीची योजना त्याच्या बरीच आधीची, २०१० च्या कायद्याची. जेक होनिग या कर्करोगाने गेलेल्या लहान मुलाच्या नावाने २०१९ मध्ये ती वाढवली. कर्करोग त्यात बसतो, आणि रुग्णाचं कार्ड असेल तर विक्रीकर लागत नाही.

परवा घराजवळ पेट्रोल पंपाला लागून असलेल्या स्मोक शॉपमध्ये सहज चौकशी केली. काउंटरवर मुलांच्या गोळ्या-चॉकलेटांसारखी रंगीत पाकिटं, त्यावर 'डेल्टा-८' (गांजासारखीच नशा आणणारं रसायन) आणि ठळक अक्षरांत 'लॅब टेस्टेड'. क्यूआर कोड स्कॅन केला तर कुठल्यातरी कंपनीचं मुखपृष्ठ उघडलं, अहवालाचा पत्ता नाही. विक्रेता म्हणाला, सगळं सारखंच असतं. मी काही न घेता बाहेर पडलो. ज्या बाईच्या पांढऱ्या पेशी दर केमोनंतर खाली येतात तिला असलं काही देण्याची माझी छाती नाही.

तर माझे प्रश्न:

१. परवाना असलेलं दुकान खात्रीने कसं ओळखायचं?

२. लॅबचा अहवाल कसा वाचायचा? केमोच्या रुग्णासाठी त्यात नेमकं काय बघायचं?

३. गमी (चघळायची मऊ गोळी), तेल की आणखी काही? गमीत जिलेटिन असतं का? ॲपिक्सबॅनबरोबर चालतं का?

४. मी एच-१बी वर आहे. मेहुणा अमेरिकन नागरिक आहे आणि खरेदीला जायला तयार आहे. आई आणि मी, आम्हाला व्हिसा-ग्रीन कार्डाच्या बाबतीत काही धोका आहे का?

घरात सहा वर्षांची मुलगी आहे, तेही लक्षात घेऊन सांगा. मनापासून धन्यवाद.

—

प्रतिसाद: खलबत्ता

मी रुग्णालयात फार्मासिस्ट आहे, कर्करोग विभागातच काम करते. आईंना लवकर आराम पडो. दुकानाआधी औषधांबद्दल लिहिते.

ऑन्कॉलॉजिस्टना 'ड्रोनॅबिनॉल'बद्दल स्पष्ट विचारा. हा प्रयोगशाळेत बनवलेला टीएचसीच आहे, म्हणजे कॅनाबिसमधला नशा आणणारा घटक. केमोच्या मळमळीवर इतर औषधं लागू पडली नाहीत तर देण्यासाठी अमेरिकेत १९८५ पासून मान्यता आहे. साध्या प्रिस्क्रिप्शनवर नेहमीच्या फार्मसीत मिळतो, प्रत्येक कॅप्सूलमध्ये किती आहे ते पक्कं ठाऊक असतं, आणि केंद्राच्या कायद्यातही बसतो. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे आस्कोने, २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नेहमीची औषधं नीट देऊनही मळमळ थांबत नसेल तर ड्रोनॅबिनॉल, त्याच्याच जातीचं नॅबिलोन, किंवा टीएचसी आणि सीबीडी (कॅनाबिसमधला नशा न आणणारा घटक) समप्रमाणात असलेला दर्जाची खात्री असलेला अर्क तोंडावाटे देऊन बघता येईल, असं म्हटलंय. कर्करोगावरचा उपचार म्हणून मात्र कॅनाबिस वापरू नका, हेही त्यांनी बजावलंय. व्हॉट्सॲपवर गाठ विरघळवणाऱ्या तेलाचे निरोप फिरतात, त्यांच्या नादी लागू नका.

आईंच्या दृष्टीने दोन अडचणी आधीच सांगते. ड्रोनॅबिनॉलची कॅप्सूल जिलेटिनची असते आणि आत तिळाचं तेल असतं. तिळाची ॲलर्जी असेल तर चालणार नाही.

आता ॲपिक्सबॅन. दुकानात बहुधा सांगतील की सीबीडी घ्या, त्याने नशा होत नाही, ते निर्धोक आहे. नशा होत नाही हे बरोबर, पण यकृत ज्या एन्झाइमांनी औषधं पचवतं त्यांच्यात सीबीडी ढवळाढवळ करतं. त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी वाढू शकते. वॉरफरिनच्या बाबतीत अशी उदाहरणं नोंदली गेली आहेत. म्हणून सीबीडी जास्त असलेलं काहीही तुमच्या डॉक्टरांच्या आणि फार्मासिस्टच्या कानावर घातल्याशिवाय सुरू करू नका. काउंटरमागची मुलं सौजन्याने बोलतात, पण ती वैद्यकीय शिकलेली नसतात.

ओढायचं फूल आणि व्हेप पूर्ण बाद. कारण ॲस्परजिलस नावाची बुरशी. निरोगी माणसाच्या फुप्फुसात तिचे बीजाणू रोज जातात आणि काही होत नाही. पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला त्याच बीजाणूंनी जिवावर बेतणारा संसर्ग होऊ शकतो, आणि पेटवलेल्या टोकाच्या उष्णतेने ते सगळे मरतील याचा भरवसा नाही. व्हेपचं म्हणाल तर २०१९ ची साथ आठवा. व्हेपच्या बेकायदा तेल-कुप्यांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटमुळे माणसं श्वास लागून दवाखान्यात आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण दाखल झाले होते आणि ६८ दगावले होते.

अहवालाकडे येते. त्याला 'सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस' म्हणतात, दुकानात 'सीओए' म्हटलं की समजतं. सगळ्यात आधी बॅच नंबर बघा. पाकिटावरचा आणि अहवालावरचा अक्षरशः एकच हवा. नसेल तर तो अहवाल दुसऱ्याच मालाचा आहे. मग तारीख, लॅबचं नाव, आणि लॅबला आयएसओ १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता आहे का ते. त्यानंतर नमुना कशाचा घेतला ते वाचा. गमीच्या बाबतीत कधी कधी फक्त आतल्या अर्काचा अहवाल पुढे करतात. तुम्हाला तयार गमीचा हवा, कारण एका गोळीत किती मिलिग्रॅम आलं ते त्यातूनच कळतं.

खाली कोष्टकं असतात. जड धातू चार: शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा. हे झाड मातीतले धातू चांगलंच शोषून घेतं, म्हणून ही तपासणी. पुढे कीटकनाशकं, मग अर्क काढताना वापरलेल्या ब्यूटेन, प्रोपेनसारख्या द्रावकांचा उरलेला अंश. तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं शेवटचं: साल्मोनेला, ई. कोलाय, ॲस्परजिलस, आणि बुरशीची विषं म्हणजे अफ्लाटॉक्सिन व ऑक्राटॉक्सिन. समोर 'एनडी' असेल तर सापडलं नाही. 'एलओक्यू'पेक्षा कमी असेल तर मोजता येण्याइतकं नाही. नुसतं 'पास' लिहून आकडे गाळले असतील तर पूर्ण अहवाल मागा. द्यायला कां-कू करत असतील तर दुसरं दुकान बघा.

मात्रा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची. सहसा २.५ मिलिग्रॅम टीएचसी किंवा त्याहून कमी, तेही पहिल्यांदा संध्याकाळी, घरात कुणी सोबत असताना. खाल्लेल्याचा परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात. काही होत नाही म्हणून दुसरी गोळी दिली की दोन्ही एकदम चढतात, आणि माणसं इमर्जन्सीत येतात ती बहुतेक अशीच. या वयात रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, त्यात ओलान्झपिननेही गुंगी येते. ॲपिक्सबॅन चालू असताना पडणं परवडणारं नाही. रात्री बाथरूमला सोबत जा.

—

प्रतिसाद: राजधानी सुपरफास्ट

चौथ्या प्रश्नापुरतं लिहितो. मी वकील नाही, पण आमच्या घरात हा प्रश्न आला होता आणि आम्ही इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेतला होता. तुम्हीही तो घ्याच.

राज्याने परवानगी दिली तरी केंद्राच्या १९७० च्या कायद्याने डिस्पेन्सरीतला कॅनाबिस जवळ बाळगणं हा गुन्हाच आहे, आणि व्हिसा-ग्रीन कार्ड हा सगळा केंद्राचा कारभार. शिक्षा झालेली नसली तरी अधिकाऱ्यासमोर नुसती कबुली दिली तरी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. १९ एप्रिल २०१९ ला यूएससीआयएसने, म्हणजे केंद्राच्या इमिग्रेशन खात्याने, लेखी स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असलेला वापरसुद्धा नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगल्या वर्तणुकी'च्या आड येऊ शकतो. तेव्हा एच-१बी वर असताना तुम्ही स्वतः दुकानात जाऊ नका, फोनमध्ये त्याचे फोटो ठेवू नका. आईंसाठीसुद्धा, त्या पुढे भारतात जाऊन परत येणार असतील तर कार्ड काढण्याआधी वकिलाला विचारा. मेहुण्याला योजनेत 'केअरगिव्हर' (रुग्णासाठी खरेदी करणारा) म्हणून नोंदवता येतं, त्याची पार्श्वभूमी तपासतात. पण त्याने आणलेली गोळी आई घेणार, त्यामुळे त्यांचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

ड्रोनॅबिनॉल प्रिस्क्रिप्शनवर घेतला तर यातलं काहीच आड येत नाही. तुमच्या परिस्थितीत मी तोच आधी बघेन.

आणि उरलेली पाकिटं घेऊन कुणी मुंबईचं विमान पकडू नये. तिथे १९८५ चा अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा आहे आणि न्यू जर्सीचं कार्ड त्यापुढे चालत नाही.

—

प्रतिसाद: पारिजात

माझ्या नवऱ्याचं कार्ड आहे (आम्ही नागरिक आहोत), त्यामुळे दुकानाचं सांगू शकते. राज्याच्या कॅनाबिस नियामक आयोगाच्या संकेतस्थळावर परवानाधारक डिस्पेन्सऱ्यांची यादी आणि नकाशा आहे. त्यात नाव आणि पत्ता दोन्ही जुळले पाहिजेत, नुसती पाटी बघू नका. २०२१ मध्ये बऱ्याच गावांनी आपल्या हद्दीत दुकानं नकोत असं ठरवलं, त्यामुळे सगळ्यात जवळचं दुकान शेजारच्या गावात निघू शकतं. दारातच ओळखपत्र बघतात, रुग्णांसाठी सहसा वेगळी रांग असते. क्रेडिट कार्ड चालत नाही, रोख किंवा डेबिट न्या. न्यू यॉर्कला कुणाकडून मागवणार असाल तर तिकडे परवाना असलेल्या दुकानाच्या दारावर राज्याचा क्यूआर कोड असलेला स्टिकर असतो. पण राज्याची हद्द ओलांडून माल आणणं बेकायदा आहे, तेव्हा तो विचार सोडा.

जिलेटिनचं म्हणाल तर बऱ्याच गमी पेक्टिनवर बनवलेल्या असतात. घटक पाकिटावर छापलेले असतात, वाचून घ्या. न्यू जर्सीत एका गोळीत जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम असतं. दहाची गोळी सुरीने चार तुकडे करून देऊ नका, औषध सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही. कमी मात्रेची मिळते, तीच मागा.

मुलगी लहान आहे ना? कुलपाची पेटी घ्या आणि मूळ पाकिटातच ठेवा, कधीही डब्यात काढून ठेवू नका. फ्रिजवर पॉयझन कंट्रोलचा नंबर चिकटवा: १-८००-२२२-१२२२.

—

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. ड्रोनॅबिनॉल हे नाव मी ऐकलंच नव्हतं.

काल संध्याकाळी आईला हे सगळं सांगितलं. जिलेटिनचंही लपवलं नाही. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "औषधं जाह्नवीतोयं म्हणतात ना. डॉक्टरांनी लिहून दिलेलं असेल तर ते औषधच. दुकानातल्या गोळ्यांपेक्षा मला हेच बरं." तिळाची ॲलर्जी नाही, दर संक्रांतीला लाडू खाल्लेत तिने. आज सकाळी ऑन्कॉलॉजिस्टच्या कार्यालयात निरोप ठेवला, ॲपिक्सबॅन आणि ओलान्झपिनचा उल्लेख करून. डिस्पेन्सरीचा मार्ग तूर्त बाजूला ठेवतोय. ड्रोनॅबिनॉलने काम झालं नाही तर आधी वकील, मग मेहुण्याच्या नावाने केअरगिव्हरचा अर्ज, असं घरात ठरलं आहे.

आता एकच अडलंय. नर्स म्हणाल्या की विमा कंपनी ड्रोनॅबिनॉलला पूर्वमंजुरी मागेल आणि त्यात वेळ जाऊ शकतो. पुढची केमो सोमवारी आहे. खलबत्ता, ऑन्डॅन्सेट्रॉन आणि ओलान्झपिन देऊन झालं याच्या नोंदी डॉक्टरांकडून सोबत जोडून घेतल्या तर मंजुरी लवकर मिळते का? की तातडीची म्हणून वेगळी विनंती करावी लागते?

—

प्रतिसाद: खलबत्ता

दोन्ही करा. तातडीची विनंती डॉक्टरांच्या कार्यालयाकडूनच जावी लागते, तेव्हा आजच फोन करून 'एक्स्पिडायटेड' हा शब्द वापरा. आधी कोणती औषधं दिली, कोणत्या तारखांना, आणि वजन किती उतरलं, हे सगळं अर्जात हवं. नकार आला तर ऑन्कॉलॉजिस्टना विमा कंपनीच्या डॉक्टरशी थेट बोलायला सांगा. आणि फार्मसीला आधीच फोन करून कॅप्सूल शिल्लक आहे का विचारा. सगळीकडे ती ठेवत नाहीत, मागवायला एक-दोन दिवस लागतात.