दोन ग्राफिक्स कार्डांचा संगणक अहोरात्र चालवताना उष्णतेचे काय करावे?

शंकासुर :

नमस्कार. संशोधनाची गणिते लोकांच्या संगणकांवर वाटून देणाऱ्या दोन प्रकल्पांची कामे मी घरच्या संगणकावर अहोरात्र चालवतो : ग्राफिक्स कार्डांवर प्रथिनांच्या रेणूंची हालचाल अभ्यासणारे फोल्डिंग ॲट होम आणि प्रोसेसरवर बॉइंकमार्फत (अशा प्रकल्पांची कामे आणून चालवणारी प्रणाली) खगोलशास्त्राचे आइन्स्टाइन ॲट होम. यंत्रात आरटीएक्स ३०९० ची दोन कार्डे, १६ कोअरचा रायझेन ९ ५९५०एक्स आणि १२०० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आहे. कॅबिनेट मध्यम आकाराचे असून त्याला पुढे तीन आणि मागे एक असे पंखे आहेत. दोन्ही कार्डे मदरबोर्डवर एकाखाली एक बसवली आहेत आणि त्यांच्यामध्ये जेमतेम बोटभर जागा उरते.

अडचण अशी की वरचे कार्ड ८३ अंश सेल्सियसवर जाऊन चिकटते, खालचे ७० च्या आसपास राहते, पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो आणि दार लावलेले असेल तर खोली तासाभरात बसण्यालायक राहत नाही. भिंतीच्या सॉकेटला लावलेला मीटर ९५० वॅट दाखवतो. दोन्ही कार्डांना वॉटर ब्लॉक (चिपची उष्णता पाण्यात घेणारा ठोकळा) आणि ते पाणी थंड करणारा एक मोठा रेडिएटर बसवून टाकावा असे मनात आहे, पण खर्च मोठा आहे आणि कार्डे खोलून पुन्हा जोडण्याचे काम नाजूक आहे. या खर्चातून नेमके काय साधेल, आणि ८३ अंशांवर सतत चालल्याने कार्डाचे आयुष्य घटते का, हे जाणकारांनी सांगावे.

यंत्रवेडा :

आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. कार्ड तापते ही एक आणि खोली तापते ही दुसरी. वॉटर कूलिंगने पहिली बरीचशी मिटेल, दुसरीवर मात्र काडीचाही फरक पडणार नाही. संगणकाने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. मीटर ९५० वॅट दाखवतो म्हणजे ९५० वॅटचा हीटर रात्रंदिवस चालू आहे, मग ती उष्णता तांब्याच्या नळ्यांतून गेली काय किंवा पाण्यातून गेली काय, जाते ती आपल्याच खोलीत.

थोडा हिशेब मांडतो. खोली ३ मीटर रुंद, साडेतीन मीटर लांब आणि ३ मीटर उंच धरली, तर तिच्यातील हवेचे वजन सुमारे ३८ किलो भरते. भिंतींनी आणि सामानाने काहीच उष्णता शोषली नाही असे क्षणभर मानले, तर ९५० वॅट ही हवा दर मिनिटाला दीड अंशाने तापवतील. प्रत्यक्षात भिंती पुष्कळ शोषतात म्हणून आपल्याला तास लागतो, एवढेच. खोली बाहेरच्यापेक्षा ५ अंशांहून अधिक तापू नये असे वाटत असेल आणि सारा भार हवेवरच टाकायचा असेल, तर सेकंदाला सुमारे १६० लिटर हवा बाहेर काढावी लागेल. म्हणजे खोलीतली सगळी हवा तासाला अठरा वेळा बदलायची. भिंतीतला चांगला एक्झॉस्ट पंखा हे करू शकतो, पण कॅबिनेटमधले पंखे कितीही वाढवले तरी ते हे काम करू शकत नाहीत, कारण ते खोलीतलीच हवा खोलीतच फिरवतात. वातानुकूलन यंत्र लावाल तर उष्णता बाहेर जाईल खरी, पण ती काढण्यासाठी साधारण आणखी ३०० वॅट मोजावे लागतील.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, आधी वॅट कमी करावेत आणि थंड करण्याचा विचार त्यानंतर करावा. चिपची वीज ढोबळमानाने वारंवारता (चिपच्या घड्याळाचा वेग) गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते. वारंवारता दहा टक्क्यांनी उतरवली आणि त्यासोबत व्होल्टेजही दहा टक्क्यांनी उतरवता आले, तर वीज ०.९ च्या घनाइतकी, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांवर येते. दहा टक्के काम सोडून सत्तावीस टक्के वीज वाचते. कारखान्यातून कार्ड येते ते वारंवारता आणि व्होल्टेज यांच्या वक्राच्या अगदी टोकावर चढवलेले असते, कारण चाचण्यांच्या तक्त्यात शेवटचे चार टक्के मिरवायचे असतात. अहोरात्र गणित करणाऱ्याने त्या चार टक्क्यांची किंमत का भरावी?

३०९० ची मूळ वीजमर्यादा ३५० वॅट आहे. एनव्हीडियाच्या ड्रायव्हरसोबत येणाऱ्या एसएमआय या आज्ञेने ती २५० वर आणावी. प्रोसेसरसाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगांत) ६५ वॅटचा इको मोड आहे. त्याने प्रोसेसरला मिळणारी कमाल वीज १४२ वरून ८८ वॅटवर येते. आधी एवढे करून पाहा आणि मगच रेडिएटरच्या दुकानात पाऊल टाका.

जाता जाता सांगतो : १९९९ मध्ये परग्रहावरचे संकेत शोधणारे सेटी ॲट होम सुरू झाले तेव्हा ‘रिकामा बसलेला संगणक कामाला लावा’ हा युक्तिवाद बऱ्याच अंशी खरा होता, कारण त्या वेळच्या घरगुती प्रोसेसरची भूकच पंचवीस-तीस वॅटची होती आणि बसून राहिला तरी तो फारसे वाचवत नसे. आजचे यंत्र रिकामे असताना फारच कमी वीज घेते आणि कामाला लागले की त्याच्या कितीतरी पट ओढते. आपण प्रकल्पाला फुकट वेळ देत नसून विकत घेतलेली वीज देत आहोत, हे ध्यानात ठेवले की यंत्राची बांधणीच वेगळी होते.

बिनआवाज :

यंत्रवेडा यांच्या हिशेबाशी मी सहमत आहे, पण वरच्या आणि खालच्या कार्डांत १३ अंशांचा फरक आहे हे त्यांनी सोडून दिले. ३०९० चे घरगुती स्वरूपातले पंखे गरम हवा कॅबिनेटच्या आतच सोडतात. खालचे कार्ड आपली उष्णता वर फेकते आणि वरचे तीच हवा श्वासात घेते. वीज कमी केल्याने दोघांचेही तापमान उतरेल, पण वरच्याची घुसमट काही सुटणार नाही.

८३ हा आकडाही योगायोगाने आलेला नाही. कार्डाला नेमून दिलेले ते लक्ष्य-तापमान आहे. तिथे पोचल्यावर कार्ड पंखे वाढवते आणि वारंवारता उतरवत राहते, म्हणून आकडा जागचा हलत नाही आणि सगळे आटोक्यात आहे असा भास होतो. दोन्ही कार्डांची चालू वारंवारता शेजारी शेजारी लावून पाहा. वरचे कार्ड मागे पडलेले दिसेल.

पैसे खर्चण्यापूर्वी एक चाचणी करावी. साधा थर्मामीटर पुढच्या पंख्यांसमोर ठेवून आत जाणाऱ्या हवेचे तापमान नोंदवा आणि कार्डाचे तापमान त्याच्यापेक्षा किती अंश वर आहे एवढाच आकडा जपा, कारण खोलीचे तापमान बदलते आणि नुसते ८३ किंवा ७८ यांची तुलना फसवी ठरते. मग कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून अर्धा तास काम चालू द्या. तो फरक एकदम खाली आला, तर दोष हवेच्या वाटेचा आहे. फारसा हलला नाही, तर हीटसिंकखालची (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पात्यांखालची) थर्मल पेस्ट वाळली असेल किंवा उष्णता वाहून नेणारे पॅड नीट टेकत नसतील. हे न बघता पाण्याचे पंप आणणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

माझा अंदाज हवेच्या वाटेचाच आहे. तसे निघाले, तर खालचे कार्ड रायझर केबलने (कार्ड मदरबोर्डपासून दूर जोडणाऱ्या केबलने) बाजूला उभे करावे किंवा सरळ खुल्या चौकटीवर सगळी मांडणी करावी. खुल्या चौकटीत धूळ बसते हे खरे, पण ती दिसतेही आणि पुसताही येते.

आयुष्याबद्दल विचारलेत. कार्डाचा गाभा, म्हणजे मुख्य चिप, ८३ अंशांवर असण्याची मला विशेष चिंता वाटत नाही, कारण उत्पादकानेच ९३ अंशांपर्यंत मुभा दिली आहे. चिंता आहे ती मेमरीची. ३०९० वर २४ मेमरी चिप आहेत आणि त्यातल्या १२ कार्डाच्या पाठीमागे, म्हणजे मुख्य हीटसिंकच्या विरुद्ध बाजूला बसतात. त्या ११० अंशांना पोचल्या की कार्ड स्वतःला आवरते. हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रणालीत ‘मेमरी जंक्शन’ (मेमरी चिपच्या आतले तापमान) हा आकडा वेगळा दिसतो. तो शंभराच्या पलीकडे राहत असेल तर पाठीच्या धातूच्या पट्टीवर हवा फिरेल असा एक मंद पंखा लावावा. नेहमीचा वॉटर ब्लॉकसुद्धा पुढचीच बाजू थंड करतो, तेव्हा पाण्याचा खर्च करूनही पाठीच्या बारा चिप कोरड्याच राहतील.

शंकासुर :

दोघांचेही आभार. झाकण काढताच वरच्या कार्डाचा फरक १२ अंशांनी उतरला, म्हणजे बिनआवाज यांचे निदान बरोबर दिसते. वीजमर्यादेबद्दल मात्र एक शंका आहे. ३५० ची मर्यादा २५० केली तेव्हा कार्डाचा वेग सुमारे दहा टक्के उतरला, पण फोल्डिंगचे गुण (केलेल्या कामाबद्दल प्रकल्प खात्यावर देतो ते) त्याहून बरेच अधिक घसरले. मग हा व्यवहार खरोखर फायद्याचा आहे का? शिवाय बॉइंकमध्ये ‘प्रोसेसरचा ६० टक्के वेळ वापरा’ असा पर्याय आहे. तो निवडला तर इको मोडची गरज उरते का?

मूळसंख्या :

गुणांची घसरण अपेक्षितच आहे. फोल्डिंग ॲट होममध्ये काम लवकर परत केल्याचा बोनस मिळतो आणि तो वेळेच्या वर्गमुळावर बसवलेला आहे. वेग ०.९ झाला की ठरावीक काळातली कामे ०.९ पट होतात, प्रत्येक कामाचा बोनस ०.९ च्या वर्गमुळाइतका होतो, आणि दोन्हींचा गुणाकार सुमारे ०.८५ येतो. म्हणजे गुण पंधरा टक्क्यांनी घटले तरी विज्ञानाचे काम दहाच टक्क्यांनी घटले. हा बोनस निव्वळ हौसेसाठी ठेवलेला नाही : त्या प्रकल्पात एका रेणूच्या हालचालीचा पुढचा तुकडा आधीचा तुकडा परत आल्याशिवाय तयारच होत नाही, त्यामुळे उशीर करणारे यंत्र साखळी अडवून धरते. तरीही २५० वॅटवरचे ३०९० मुदतीच्या कितीतरी आधी काम परत करते, तेव्हा विवेकाला टोचणी लागण्याचे कारण नाही. गुणफलकावरचा क्रमांक प्रिय असेल, तर तो वेगळा विषय.

बॉइंकच्या ‘वेळेच्या टक्केवारी’पासून दूर राहावे. त्या पर्यायाने प्रोसेसर हळू चालत नाही. तो काही सेकंद पूर्ण जोराने चालतो आणि काही सेकंद थांबतो. तापमान करवतीच्या दात्यांसारखे वरखाली होते, पंखा दर थोड्या वेळाने आचके देतो आणि वीज मात्र चढत्या व्होल्टेजच्याच दराने जाते. त्याऐवजी त्याच पानावरची ‘किती टक्के प्रोसेसर वापरावेत’ ही मर्यादा कमी करावी आणि इको मोड ठेवावा. प्रत्येक ग्राफिक्स कार्डासाठी प्रोसेसरचा एक धागा (थ्रेड) मोकळा सोडायला विसरू नका. कार्डाला माल पुरवणारा प्रोसेसरच गुंतलेला असेल, तर महागडे कार्ड वाट पाहत बसते.

वीजमर्यादा उतरवणे आणि हाताने व्होल्टेज उतरवणे यांतही गल्लत करू नये. मर्यादा उतरवली तर कार्ड स्वतःच्या सुरक्षित वक्रावरच खाली सरकते. अंडरव्होल्टमध्ये आपण तो वक्रच बदलतो. बचत अधिक होते, पण चूक झाली तर ती बिनबोभाट होते. खेळात एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा उमटला तर कोणाला कळतही नाही, इथे एक बिट उलटला की तासांचे काम वाया जाते. बॉइंकच्या अनेक प्रकल्पांत तेच काम दोन अनोळखी यंत्रांना देऊन उत्तरे ताडून पाहतात ते यासाठीच. त्यामुळे अंडरव्होल्ट केल्यावर संगणक बंद पडला नाही एवढ्यावर समाधान न मानता आपल्या खात्यावर ‘अवैध’ ठरलेल्या कामांचा आकडा काही दिवस पाहावा. मी ज्या मर्सेन मूळसंख्यांच्या (दोनाच्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या मूळसंख्यांच्या) शोधात आहे, तिथल्या प्राइम९५ या प्रणालीने २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरांतला दोष उघड केला होता. सतत चालणारे गणित इतके निर्दय असते.

एक गोष्ट अजून कोणी विचारली नाही. ३०९० कार्डे क्षणभरासाठी ३५० वॅटच्या पुष्कळ वर उसळी घेतात आणि दोन कार्डांची उसळी जुळली की भरभक्कम एसएमपीएससुद्धा संरक्षण म्हणून बंद पडतो. ८ पिनांच्या प्रत्येक जोडणीला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल न्यावी, एकाच केबलला फुटलेली दोन तोंडे वापरू नयेत. यंत्र थेट भिंतीतल्या सॉकेटला असावे आणि तासभर चालल्यानंतर प्लगला हात लावून पाहावा. प्लग गरम लागला, तर बाकी सगळे सोडून आधी सॉकेट बदलावे.

शंकासुर :

सूचनांप्रमाणे फेरबदल केले आहेत. दोन्ही कार्डे २५० वॅटवर, प्रोसेसर इको मोडवर आणि खालचे कार्ड रायझरने उभे. मीटर आता ६९० दाखवतो, म्हणजे दिवसाला सव्वासहा युनिट वाचतात. वरचे कार्ड ६८ वर आहे आणि मेमरी जंक्शन ९२ वर. पाण्याचा बेत रद्द. फक्त पंखे अजूनही मधूनच वेग बदलतात आणि तो बदलच झोपेत अधिक जाणवतो.

बिनआवाज :

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधलेला असणार, आणि प्रोसेसरचे तापमान सेकंदासेकंदाला उड्या मारते. आपला भार अहोरात्र सारखाच आहे, तेव्हा कॅबिनेटच्या पंख्यांना तापमानाप्रमाणे वेग बदलणाऱ्या वक्राची गरजच नाही. एकच स्थिर वेग ठरवून द्या आणि वक्र फक्त धोक्याच्या तापमानासाठी राखा. वेग वीस टक्क्यांनी उतरवला तर हवा वीस टक्क्यांनीच घटते, आवाज मात्र ठळकपणे कमी होतो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक ठेवली, तर धूळ फटींतून न शिरता पुढच्या जाळीवर अडते. जाळी दर महिन्याला धुवा. ब्लोअरने हीटसिंक साफ करताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होते.