मदत हवी आहे: वाचनालयात विनामूल्य प्रदर्शन, फेरी आणि छोटी व्याख्यानं सुरू करायची आहेत (नाशिक)

नमस्कार मंडळी,

नाशिकमधल्या एका जुन्या, मध्यम आकाराच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर मी काम करते. महिन्यातल्या एका रविवारी वाचनालय सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं आमच्या मनात आहे, सभासद असो वा नसो. एक लहानसं प्रदर्शन, पाऊण तासाची फेरी आणि शेवटी छोटं व्याख्यान. तिन्ही विनामूल्य. काही बाबतीत अडलंय, जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

आधी हे कशासाठी ते सांगते. मुक्तद्वार कक्षात बसून पेपर वाचायला आपल्याकडे कुणी कुणाला अडवत नाही. पण देवघेवीच्या टेबलामागे काय आहे हे त्याच गल्लीत जन्म काढलेल्या माणसांनाही माहीत नसतं. आमच्याकडे शिळाप्रेसवर छापलेल्या काही पोथ्या आहेत, लाल कापडात बांधून, वेखंडाच्या पुरचुंड्या घालून ठेवलेल्या. त्यातल्या एका पानावर भिंग धरलं की एकाच ओळीतले दोन ‘क’ सारखे दिसत नाहीत. एकाचं पोट फुगीर, दुसऱ्याची शेपटी लांब. कारण कुणीतरी हाताने लिहिलेलं अक्षर दगडावर उतरवून ते छापलंय. शेजारी खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापलेलं पुस्तक ठेवा, तिथे प्रत्येक ‘क’ एकाच साच्यातून निघालेला. आठवीतल्या मुलाच्या हातात भिंग दिलं तर छपाई कशी बदलली हे त्याला वेगळं समजावावं लागणार नाही. जुनी दाखल नोंदवहीसुद्धा अशीच बघण्यासारखी आहे. कुठलं पुस्तक कधी आलं, किती रुपये-आण्यांना घेतलं, हे टाकाने लिहिलेल्या वळणदार अक्षरात. हे सगळं कपाटात कुलूपबंद आहे आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

मोठी ग्रंथालयं हे नेमाने करतात. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची फिफ्थ अव्हेन्यूवरची इमारत १९११ची. तिथे ग्रंथालयाच्या ठेव्याचं प्रदर्शन पाहायला पैसे पडत नाहीत, माणूस सोबत घेऊन इमारत दाखवतात तेही विनामूल्य. शिवाय नाजूक कागद कायम मांडून न ठेवता ठरावीक काळाने बदलतात. आपल्या गावातही पायवाट आहेच. १८४० पासून चालू असलेल्या सार्वजनिक वाचनालयाचं, म्हणजे आपल्या सावानाचं, स्वतःचं वस्तुसंग्रहालय आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना तर पुस्तकांच्या पेट्याच वाचकांपर्यंत नेते. आम्हाला आमच्या ऐपतीप्रमाणे तेवढंच, पण नियमित करायचंय.

मंडळातल्या काहींचं म्हणणं, निदान दहा रुपये तिकीट ठेवा, फुकटात मिळालेल्याची लोकांना किंमत नसते. मला हे अजिबात पटत नाही. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, म्हणजे पैसा लोकांचाच. आणि मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला माणसं येऊन बसतात ती काय तिकीट काढून? तरी मन लावून ऐकतातच की.

आता अडचणी.

पहिली आणि सगळ्यात काळजीची म्हणजे उजेड. जुन्या कागदावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त प्रकाश नको, हे वाचलंय. आमच्या दिवाणखान्यासारख्या मोठ्या दालनाला पश्चिमेच्या खिडक्या आहेत, दुपारी थेट ऊन येतं. पडदे लावू, पण काचेचं कुलपाचं टेबल नव्याने करून घेणं परवडणारं नाही. सराफ बाजारात दुकानाचं नूतनीकरण झालं की जुने काउंटर निघतात, त्यातला एखादा घेतला तर चालेल का? आत मखमल असते, दिवेही असतात.

दुसरी, अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. त्यांच्या अभ्यासात व्यत्यय आणून फेरी काढायची नाही, हे नक्की. एका फेरीत किती माणसं घ्यावीत आणि वाट कशी आखावी?

तिसरी, व्याख्यान. वीस मिनिटांचं बोलणं आणि मग प्रश्नोत्तरं, इतकंच हवंय. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ यातच पाऊण तास गेला तर ऐकायला आलेली मुलं उठून जातात. कुणालाही न दुखावता हे कसं टाळता येईल?

सुरुवात २७ फेब्रुवारीच्या आसपासच्या रविवारी करावी असं वाटतं. तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, त्या सुमारास गावात वातावरणही असतं.

प्रतिसाद: कागदकाम

ताई, काउंटर जरूर घ्या. जुनं लाकूड बरंच, कारण नव्या प्लायवूड आणि पॉलिशमधून निघणारी आम्लयुक्त वाफ बंद पेटीत कागदाला खाते. दोन गोष्टी मात्र करा. आतले दिवे काढून टाका, त्यांची उष्णता आतच कोंडते. आणि मखमल उचकटून त्याजागी दोनदा धुतलेलं कोरं मांजरपाट अंथरा, रंगीत कापडाचा रंग दमट हवेत कागदाला लागतो.

पुस्तक सपाट उघडून ठेवू नका, पुठ्ठ्यांना दोन्ही बाजूंनी मऊ उशीचा आधार द्या, नाहीतर शिवण सुटते. एकच पान तीन महिन्यांहून जास्त उघडं नको. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायचा आणि पोथीचं पान लॅमिनेट करायचं, हे दोन मोह कटाक्षाने टाळा. लोकांना हाताळायला पानाची चांगली रंगीत प्रत काढून बाहेर ठेवा, भिंग तिच्यावर धरू द्या. तुमचा ‘क’ तिथेही तेवढाच स्पष्ट दिसेल.

प्रतिसाद: पंचवटीकर

एका वेळी पंधरा माणसं, त्याहून जास्त नको. मागच्यांना ऐकू आलं नाही की ती आपसात बोलायला लागतात आणि गोंगाट होतो. अभ्यासिका वाटेतून पूर्ण वगळा. मुक्तद्वार कक्ष, देवघेव, संदर्भ विभाग, मग प्रदर्शन. त्यातला एक टप्पा ग्रंथपालांकडे द्या: नवं पुस्तक आलं की दाखल क्रमांक, शिक्का, विषयानुसार वर्गांक, मग मांडणीवरची जागा. मुलांना हे फार आवडतं, एखाद्या पुस्तकावर त्यांच्याकडूनच शिक्का मारून घ्या.

आणि अभ्यासिकेतल्याच दोघा-तिघांना फेरी दाखवायला विचारून बघा. वाचनालयाचा कोपरा न् कोपरा त्यांच्याइतका कुणाला माहीत असणार?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मांजरपाट आणि पंधरा माणसं, दोन्ही पक्कं. अभ्यासिकेतल्या मुलांशी उद्याच बोलते, ही कल्पना आम्हाला सुचलीच नव्हती. सत्काराचा प्रश्न अजून तसाच आहे. निमंत्रणपत्रातच ‘सत्कार नाही’ असं लिहिलं तर ज्येष्ठ वक्त्यांना रुक्ष वाटेल का? कुणी तसं छापलं असेल तर तो मजकूर इथे द्याल का?